खोक्यात मावणारी खुर्ची

गेल्या वर्षी पुण्यातील एक जुने इराणी हॉटेल बंद झाले आणि तेथील सामान विक्रीला निघाले, तेव्हा मी दोन खुर्च्या घरी घेऊन आले. संगमरवरी टेबले माझ्या आधीच कोणीतरी उचलली होती, काचेच्या बरण्यांचे भाव ऐकून मी मुकाट्याने हात मागे घेतला, आणि मग कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या ढिगातून त्यातल्या त्यात धड दिसणाऱ्या दोन खुर्च्या निवडल्या. इराण्याकडे बसून ज्यांनी चहात बन मस्का बुडवला आहे त्यांना ही खुर्ची वर्णन करून सांगावी लागणार नाही. गोल बैठक, बारीक गोल पाय, आणि मागच्या एका पायापासून निघून पाठीवरून वळसा घेत दुसऱ्या पायापर्यंत अखंड उतरणारी, कमानीसारखी वाकलेली एकच काठी; त्या कमानीच्या पोटात तशीच दुसरी लहान कमान. एका खुर्चीची वेताची बैठक फाटलेली होती आणि दुसरीची आतली कमान तडकलेली होती. दोन्ही मिळून एक धड खुर्ची व्हायला हरकत नाही, असा माझा हिशेब होता.

आमच्याकडे लाकडाची कामे करणारे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत आणि फारसे बोलत नाहीत. त्यांनी एक खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली, बैठकीखालून बोट फिरवले आणि म्हणाले, "ताई, हे सुताराचं काम नाही. ह्यात सांधा कुठाय? सगळा कारभार स्क्रूवर." मला तोवर ती खुर्ची ‘जुन्या काळच्या कारागिरीचा नमुना’ वाटत होती, म्हणून मी थोडी खट्टू झाले. नंतरचे काही महिने या खुर्चीविषयी जे मिळेल ते वाचत गेले आणि लक्षात आले की कारखान्याने रोजच्या वस्तूंच्या आकाराचे नेमके काय केले, हे मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगून टाकले होते.

सुताराच्या खुर्चीचा आकार सांध्यांतून ठरतो. एका लाकडात पटाशीने चौकोनी भोक कोरायचे, दुसऱ्याचे टोक त्याच मापाला तासून त्यात ठोकून बसवायचे, गरज वाटली तर सरस लावायचा. हा सांधा टिकायचा तर त्या जागी लाकडाला जाडी हवी. म्हणून पाय जाड, आडव्या पट्ट्या जाड आणि एकूण खुर्ची जड. भोक आणि टोक यांचे जमलेले असते ते त्या दोन लाकडांपुरतेच. चार खुर्च्या केल्या तरी एकीचा पाय दुसरीला लागेलच असे नाही, आणि तो लागावा अशी अपेक्षाही कोणी करत नाही. आकार कागदावर काढलेला नसतो. तो बापाच्या हातातून मुलाच्या हातात जातो, गिऱ्हाईक समोर उभे राहून ‘जरा बुटकी करा, म्हातारीला बसायची आहे’ असे सांगते, आणि उरलेले हाताशी असलेली फळी ठरवते. कारखाने येण्यापूर्वी युरोपातल्या गावोगावच्या सुतारांचेही याहून फार वेगळे नव्हते.

हाताचा आणि आकाराचा हा संबंध लाकडाच्या कितीतरी आधी मातीत तुटला होता. इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात जोसाया वेजवुड या कुंभाराने १७६९ मध्ये एट्रुरिया नावाचा कारखाना सुरू केला. त्याची सायीच्या रंगाची भांडी राणी शार्लटच्या पसंतीस उतरली होती आणि ‘क्वीन्स वेअर’ या नावाने मध्यमवर्गीय घरांत जाऊ लागली होती. १७७४ मध्ये त्याने या भांड्यांचा सचित्र कॅटलॉग छापला. वरकरणी ही व्यापाराची सोय. पण तिने कुंभारावर एक नवेच ओझे टाकले. चित्र पाहून दूरच्या गावाहून मागवलेली बशी चित्रासारखीच असायला हवी, आणि पाच वर्षांनी एक बशी फुटली तर तिच्या जागी आलेली नवी बशी उरलेल्या अकरांच्या शेजारी उपरी दिसता कामा नये. अशा वेळी, चाकावर बसलेल्या माणसाचा हात त्या दिवशी कसा फिरला यावर आकार सोडून देता येत नाही. वेजवुडने काम तुकड्यांत वाटले. घडवणारा वेगळा, कान जोडणारा वेगळा, झिलई देणारा वेगळा. माणसांची अशी यंत्रे करायची की ती चुकूच शकणार नाहीत, असा इरादा त्याने १७६९ मध्येच एका पत्रात लिहून ठेवला आहे. मला ते वाक्य आवडत नाही, पण पुढच्या दीडशे वर्षांतल्या कितीतरी कारखानदारांनी जे मनात ठेवले ते त्याने उघड लिहिले, एवढे मान्य करावे लागते.

या वाटणीत आकार ठरवण्याचे कामही वेगळे निघाले. जॉन फ्लॅक्समन हा शिल्पकार १७७५ पासून लंडनमध्ये राहून वेजवुडसाठी नमुने करत होता आणि पुढे रोमला गेल्यावरही त्याचा हा संबंध सुटला नाही. भट्टी स्टॅफर्डशरमध्ये आणि आकार ठरवणारा रोममध्ये, ही गोष्ट आपल्या गावच्या कुंभाराला सांगितली असती तर त्याने ती थट्टा समजली असती. ज्याला आपण आज डिझायनर म्हणतो, म्हणजे वस्तू स्वतः न करता तिचा आकार ठरवणारा माणूस, त्याची कामाची जागा अशी तयार झाली.

खुर्चीच्या बाबतीत हे घडायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षे लागली, आणि ते घडवणारा माणूस स्वतः सुतार होता. मिखाएल थोनेट १७९६ मध्ये र्‍हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावात जन्मला आणि १८१९ मध्ये त्याने तेथेच फर्निचरची आपली कार्यशाळा काढली. त्या काळी वळणदार खुर्च्यांची आवड होती आणि वळण हवे तर ते जाड फळीतून करवतीने कापून काढावे लागे. त्यात पुष्कळ लाकूड वाया जाई, शिवाय जेथे वळण लाकडाच्या रेषांना आडवे जाई तेथे ते कमजोर होई आणि खुर्ची नेमकी तेथेच मोडे. थोनेटने १८३०च्या दशकात लाकडाच्या पातळ पट्ट्यांची जुडगी सरसात शिजवून साच्यात वाकवण्याचे प्रयोग सुरू केले. रेषा वळणाबरोबर वळल्या, लाकूड वाचले, खुर्ची हलकी झाली. १८४१ मध्ये कोब्लेन्ट्स येथील प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याने त्याचे काम पाहिले. मेटर्निख मूळचा कोब्लेन्ट्सचाच. त्याच्या सांगण्यावरून थोनेट पुढच्या वर्षी व्हिएन्नाला गेला.

व्हिएन्नात त्याने आधी लिख्टेनश्टाइन घराण्याच्या राजवाड्याचे काम केले आणि १८५०च्या सुमारास डाऊम नावाच्या कॉफीगृहासाठी खुर्च्या पुरवल्या. चरित्रे लिहिणारे राजवाड्यावर जास्त रेंगाळतात. मला मात्र कॉफीगृह महत्त्वाचे वाटते. राजवाड्याला दुसऱ्या कोणाकडे नसलेली खुर्ची हवी असते. कॉफीगृहाला सारख्या खुर्च्यांची रांग हवी असते. त्या पोऱ्याला एका हाताने उचलता याव्यात, दिवसभर ओढल्या-सरकवल्या तरी खिळखिळ्या होऊ नयेत, दाटीवाटीत कमी जागा घ्याव्यात, आणि एखादी मोडली तर तशीच दुसरी मिळावी. ही मागणी पुरी करायची तर सुताराची पद्धत पुरत नाही. कारखान्याला साजेसे गिऱ्हाईक कारखाना उभा राहण्यापूर्वीच दारात येऊन उभे होते.

पट्ट्या चिकटवण्याच्या पद्धतीत एक खोट होती. सरस म्हणजे जनावरांची हाडे-कातडी उकळून केलेला चिकट पदार्थ; दमट, उष्ण हवेत तो नरम पडतो. समुद्रापलीकडच्या उष्ण प्रदेशांत पाठवलेल्या खुर्च्यांच्या पट्ट्या सुटू लागल्या. कोकणातल्या घरात जुन्या कपाटाचा पापुद्रा ऐन श्रावणात फुगून आलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे हे चित्र सहज उभे राहील. सरसच नको असेल तर अखंड लाकूड वाकवले पाहिजे, आणि जाड अखंड लाकूड वाकवले की ते फाटते.

ही अडचण थोनेटने ज्या रीतीने सोडवली तिच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण खुर्चीचा सगळा आकार तेथून निघाला आहे. वाफवलेले लाकूड दाबले तर बरेच आकसते, पण ताणले तर फार थोडे लांबते. काठी वाकवताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. म्हणून काठी बाहेरून फाटते. थोनेटने काठीच्या बाहेरच्या बाजूला एक लोखंडी पट्टी लावली आणि पट्टीची दोन्ही टोके काठीच्या टोकांशी घट्ट आवळून टाकली. आता वाकवताना बाहेरच्या बाजूला लांबायला वावच उरला नाही आणि सगळे वळण आतल्या बाजूच्या आकसण्यातून मिळू लागले. बीच या झाडाचे सरळ रेषांचे लाकूड, वाफेची पेटी, लोखंडी पट्टी आणि लोखंडी साचा, एवढ्या चार गोष्टींवर पुढचा सगळा पसारा उभा राहिला. अखंड लाकूड वाकवण्याचा सरकारी परवाना त्याला १८५६ मध्ये मिळाला आणि त्याच सुमारास मोराव्हियातील कोरिचानी या गावी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, कारखाना सुरू झाला. व्हिएन्ना सोडून तेथे जाण्याचे कारण उघड होते: बीचची जंगले शेजारी होती आणि मजुरी स्वस्त होती. सुतार गिऱ्हाइकाच्या जवळ राहतो. कारखाना झाडाच्या जवळ गेला.

जंगलाजवळ सुतार मिळत नाहीत, शेतमजूर मिळतात. तेव्हा काम असे पाहिजे की जे नांगर सोडून आलेल्या माणसाला थोड्या दिवसांत शिकवता येईल. लाकूड रेषांच्या दिशेने चिरून लेथवर गोल करणे एकाचे काम. वाफेच्या पेटीतून निघालेली गरम काठी थंड होण्याच्या आत साच्यावर वाकवून आवळणे दुसऱ्यांचे, ज्याला ताकद आणि चपळाई लागते पण सुताराची नजर लागत नाही. घासणे आणि पॉलिश करणे बायकांचे. आणि बैठक वेताने विणण्याचे काम आसपासच्या गावांतून घरोघरी. आकार साच्यात आहे, माणसाला तो माहीत असण्याची गरज नाही. मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. सांधा करायला सुतार लागतो. स्क्रू पिळायला लागत नाही. खुर्चीतून सांधा गेला, कारण कारखान्यातून सुतार गेला होता.

थोनेट आणि त्याच्या पाच मुलांच्या कंपनीने १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ ही खुर्ची बाजारात आणली. सुरुवातीला तिचे काही भाग चिकटवलेले होते. १८६०च्या दशकात ती हळूहळू आपल्याला माहीत असलेल्या रूपाला आली. त्या रूपात तिचे लाकडाचे भाग सहा: पाठ आणि मागचे पाय मिळून एक काठी, आतली कमान, बैठकीचे कडे, पुढचे दोन पाय, आणि पायांना आतून बांधणारे एक कडे. जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. याहून एक भाग कमी केला तर खुर्ची उभी राहणार नाही, आणि याहून एक जास्त घालायला कारण सापडत नाही.

पण मला सर्वांत जास्त भावला तो खोक्याचा हिशेब. तयार खुर्ची पाठवणे म्हणजे बहुतांशी हवा पाठवणे. सुताराला याचा त्रास नसतो, कारण त्याची खुर्ची बैलगाडीवरून चार आळ्या पलीकडे जाते. कोरिचानीहून निघालेल्या खुर्चीला रेल्वेने बंदरापर्यंत आणि तेथून जहाजाने दुसऱ्या खंडात जायचे होते, आणि जहाजाचे भाडे व्यापलेल्या जागेवर लागते. क्रमांक १४ सुटी करून बांधली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. पोचल्यावर दुकानदाराचा नोकर ती स्क्रूने जोडून देई. म्हणजे आकार ठरवताना बसणाऱ्याच्या पाठीइतकाच विचार खोक्याच्या भिंतीचा झाला. आज आपण ऑनलाइन मागवलेले टेबल सहा कोनी चावीने जोडताना वैतागतो आणि त्याचा दोष आजच्या काळाला देतो; पण या वैतागाचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे.

तिच्या नावाकडेही पाहण्यासारखे आहे. सुताराच्या वस्तूला नाव असते ते करणाऱ्याचे किंवा वापरणाऱ्याचे: ‘आबांची आरामखुर्ची’, ‘गणपतीचा पाट’. कारखान्याने खुर्चीला आकडा दिला. कंपनीने १८५९ मध्येच आपल्या नमुन्यांची चित्रे एका मोठ्या पत्रकावर छापली, प्रत्येकाखाली क्रमांक घातला, आणि मग चार देशांपलीकडचा व्यापारी वर्णनाचा एक शब्दही न लिहिता ‘क्रमांक १४, इतके नग’ असे कळवू शकला. आकड्याची ही सोय मोठी आहे, कारण ती भाषेवाचून चालते. पण आकडा दिल्यावर ती वस्तू बदलताही येत नाही. कारागिराला कितीही चांगली सुधारणा सुचली तरी त्याने ती उद्याच्या खुर्चीत करायची नाही, कारण उद्याची खुर्ची कालच्या चित्राशी जुळली पाहिजे. सुतारकामात आकार थोडाथोडा सरकत राहतो. आता तो एकदम ठरतो आणि मग वर्षानुवर्षे तसाच राहतो.

क्रमांक १४ वर नक्षी नाही, याचे श्रेय पुष्कळ जण तिच्या करणाऱ्यांच्या अभिजात रुचीला देतात. मला ते पटत नाही. याच थोनेटने १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील महाप्रदर्शनात फर्निचर मांडले होते आणि त्याला कांस्यपदक मिळाले होते. ते फर्निचर चांगले राजवाडी थाटाचे होते. त्या प्रदर्शनात नक्षीचा नुसता पूर आला होता. पूर्वी नक्षी ही वस्तूवर खर्च झालेल्या श्रमांची खूण असे आणि म्हणून प्रतिष्ठेचीही खूण असे. ओतकामाच्या साच्यातून ती जवळजवळ फुकट निघू लागल्यावर शेगडीवर, कागदाच्या लगद्याच्या खुर्चीवर, चांदीचा मुलामा दिलेल्या चहादाणीवर, जागा मिळेल तेथे पानाफुलांची गर्दी झाली. हेन्री कोल आणि ओवेन जोन्स यांच्यासारख्या, प्रदर्शन उभारण्यात ज्यांचा हात होता अशा मंडळींनाही ते खटकले, आणि हिंदुस्थानातून आलेल्या कापडाचे व इतर कलावस्तूंचे त्यांनी मनापासून कौतुक केले. या प्रदर्शनानंतर दोनच वर्षांनी, १८५३ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांनी मुंबईत कला आणि उद्योग शिकवणारी शाळा काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि १८५७ मध्ये ती सुरू झाली. तीच आपली जे. जे. आकार आणि नक्षी शाळेत शिकवता येतात आणि त्यामुळे उद्योग सुधारतो, ही त्या पिढीची श्रद्धा होती. जेथे आकार ठरवणे हे वस्तू करण्यापासून वेगळे काम झाले आहे, तेथेच अशी श्रद्धा निर्माण होऊ शकते.

खुर्चीकडे परत येते. क्रमांक १४ वर फूल कोरायचे तर कोरणारा लागणार, त्याची मजुरी लागणार आणि खोक्यात ते फूल घासले जाणार. नक्षी या तिन्ही हिशेबांत बसत नव्हती, म्हणून गेली. जेथे हिशेबात बसली तेथे ती राहिलीच. थोनेटची १८६० ची झुलती खुर्ची पाहावी. वाफेच्या पेटीत वळण स्वस्तात मिळते म्हटल्यावर तिच्यात वेलांट्यांवर वेलांट्या आल्या आहेत. पुढे वेताऐवजी पातळ प्लायच्या बैठका निघाल्या तेव्हा त्यांवर छिद्रांची किंवा उठावाची नक्षी सर्रास दिसू लागली, कारण ती एका दाबात उमटते. म्हणून कारखान्याने साधेपणा आणला असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. कारखान्याने स्वस्त काय आणि महाग काय याची उलथापालथ केली. सरळ फळी स्वस्त आणि वळण महाग, हा हजारो वर्षांचा नियम कोरिचानीत उलटा झाला, आणि वस्तूंचे आकार त्या नव्या हिशेबामागे गेले. डोळे मागाहून तयार झाले. १९२५ मध्ये ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने पॅरिसच्या प्रदर्शनातील आपल्या दालनात थोनेटच्याच खुर्च्या मांडल्या, तेव्हा कॉफीगृहातली ती सामान्य वस्तू आधुनिक सौंदर्याचा दाखला ठरली. तोपर्यंत लोक तिच्यावर साठेक वर्षे नुसते बसत आले होते.

या व्यवहारात गेले ते ‘जरा बुटकी करा’ हे वाक्य. खुर्ची बसणाऱ्याच्या मापाची राहिली नाही, कोणा एका सरासरी माणसाच्या मापाची झाली. माझी आजी त्या सरासरीत कधीच बसली नाही. असल्या खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीपासून चार बोटे वर लोंबकळत आणि ती पायांखाली उलटे पातेले घेई. तिच्यापुरते डिझाइन तिने स्वतः पुरे केले होते, असे म्हणायला हरकत नाही.

वाकवण्याच्या पद्धतीवरचा थोनेट कंपनीचा एकाधिकार १८६९ मध्ये संपला आणि नकला करणाऱ्यांची रीघ लागली. त्यांत याकोब आणि योसेफ कोन यांची कंपनी सर्वांत मोठी. कंपनीचे स्वतःचे कारखानेही वाढत गेले. रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये राडोम्स्क येथेही १८८०च्या सुमारास एक उभा राहिला. अस्सल माल ओळखू यावा म्हणून थोनेट बैठकीच्या कड्याच्या आत नावाचा शिक्का मारत आणि कागदी लेबल लावत. १९३० पर्यंत एकट्या क्रमांक १४ च्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या असे सांगतात, आणि नकला धरल्या तर आकडा कोठे जाईल कोण जाणे.

त्या पुरातल्या काही खुर्च्या मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी कोपऱ्याकोपऱ्यांवर हॉटेले काढली, तेव्हा संगमरवरी टेबलांभोवती त्यांनी याच जातीच्या खुर्च्या मांडल्या. धोबी तलावाजवळचे १९०४ चे कयानी किंवा बॅलार्ड इस्टेटमधील १९२३ चे ब्रिटानिया येथे गेलेल्यांना त्या आठवतील. ‘पोलंडच्या खुर्च्या’ असेच त्यांना म्हणतात. इराण्याची गरज व्हिएन्नाच्या कॉफीगृहासारखीच होती: हलकी, स्वस्त, रांगेत सारखी दिसणारी, मोडली तर जोडता येणारी. शिवाय मुंबईचा पावसाळा. सरसाने चिकटवलेल्या पट्ट्यांची खुर्ची येथे चार वर्षेही धड राहिली नसती. सरसाला हद्दपार केलेली खुर्ची शंभर वर्षे राहिली. वेताच्या बैठकीत ढेकूण मुक्कामाला येत, पण तो दोष खुर्चीवाल्यांच्या पत्रकात छापलेला नसे.

माझ्या दोन खुर्च्यांपैकी एकीच्या कड्याच्या आत पिवळट कागदाचा एक चतकोर शिल्लक आहे. त्यावरची अक्षरे रोमन आहेत एवढेच समजते. दुसरीच्या कड्यात काहीच नाही. दिसायला दोघी जुळ्या. मिस्त्रींनी त्या अर्ध्या तासात सुट्या केल्या, सहा अधिक सहा असे बारा भाग ओटीवर मांडले, आणि फाटक्या बैठकीच्या खुर्चीची धड कमान तडकलेल्या कमानीच्या जागी धरली. मी मोठ्या उत्सुकतेने पाहत होते, कारण कोणताही भाग कोणत्याही खुर्चीला लागला पाहिजे, हीच तर कारखान्याची सगळी प्रतिज्ञा. वळण तंतोतंत बसले. भोके मात्र जुळली नाहीत. एका बाजूला बरोबर सुताचा फरक. "एका कारखान्याच्या नाहीत ह्या," मिस्त्री म्हणाले. एकीने दुसरीचा आकार उचलला होता, पण साचा तिला मिळाला नव्हता.

मग त्यांनी सागाच्या एका चिपेतून बोटाएवढी खुंटी तासली, जुन्या भोकात सरस लावून ठोकली, वर आलेले टोक पटाशीने सपाट केले, आणि दुसऱ्या दिवशी सरस वाळल्यावर सूतभर बाजूला नवे भोक पाडून स्क्रू पिळला. खुर्ची जमिनीवर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिली, ती हलली नाही. "एवढा एक सांधा माझा," असे म्हणून त्यांनी मजुरी सांगितली.